वाळवणाच्या दिवसांतली उसनी रेंज

भिजलेल्या गव्हाला तिसऱ्या दिवशी जो आंबूस वास सुटतो तो मला आवडतो, आणि त्याच वासाने मला चोरट्यासारखंही होतं. दोन्ही एकदम. घरातल्या बाकीच्यांना त्या वासाने भूक लागते. गहू वाटले जाणार, चीक शिजणार, दूध-गूळ घालून वाटीभर आपल्याला मिळणार, म्हणून नात स्वयंपाकघराच्या दारात घुटमळायला लागते. मी पातेल्यावरचं झाकण उचलून बघते आणि मनात म्हणते, आला बाई तुझा हंगाम.

आमच्या मखमलाबाद रोडला चैत्र संपता संपता सकाळी एक वारा सुटतो. ऊन चढायच्या आधीचा, कोरडा, धुळीचा आणि कुठल्यातरी बागेतल्या छाटलेल्या काड्यांचा वास घेऊन येणारा. पूर्वी इथे चहूकडे द्राक्षबागाच होत्या. आता त्या जागी आमच्यासारख्यांची रो-हाउसं आहेत, आणि मधेच एखादी बाग उरली आहे ती बोळक्यातल्या दातासारखी. या वाऱ्यात सगळ्या गच्च्या जाग्या होतात. जुन्या साड्या अंथरल्या जातात, त्यांच्या काठांवर विटा चढतात, झाकलेल्या बादलीतून वाफाळता चीक जिना चढून वर येतो. सोऱ्या करकरतो. पांढऱ्या ओल्या कुरडया ओळीने पडत जातात आणि दुपारपर्यंत अशा कडक होतात की बोट लावलं तर टोचतात. खालून कुणीतरी विचारतं, अजून किती आणू. वरून कुणीतरी म्हणतं, असेल तेवढा आण.

या सगळ्या पुण्याईच्या कष्टांच्या आड बसून एका उन्हाळ्यात मी शेजारच्या घरातलं वायफाय ओढत होते.

तेव्हा मी तरुण होते. अठ्ठावन्न वर्षांची. त्या पोरीची आठवण झाली की मला हसू येतं आणि तिला एक चापटही द्यावीशी वाटते. गुडघे धड, चष्मा फक्त वाचण्यापुरता, केसांना मेंदी, आणि मुलाने पुण्याहून आणून दिलेला एक टॅब. मुलाची समजूत अशी की आई त्यावर भजनं ऐकेल. आईने पहिल्याच आठवड्यात शेती घेतली.

म्हणजे टॅबवरची शेती. त्या खेळात आपल्याला एक हिरवा तुकडा मिळायचा. त्यात वांगी लावायची, मका लावायचा, भोपळे लावायचे आणि ठरल्या वेळी काढायचे. उशीर झाला की पीक माना टाकायचं. आता यातली गंमत अशी की माझं माहेर दिंडोरीकडचं, वडिलांची खरीखुरी द्राक्षबाग. घडांतले मणी विरळ करता करता आमची बोटं हिरवी व्हायची आणि मान अशी आखडायची की रात्री कुशीवर वळता येत नसे. माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा मी वडिलांना स्वच्छ सांगितलं होतं, कुणाच्याही गळ्यात बांधा, शेतकरी नवरा नको. म्हणून सातपूरच्या कारखान्यातला नवरा मिळाला. आणि तीच मी, मातीला हात लावणार नाही म्हणणारी, साठीच्या तोंडावर पहाटे उठून काचेवरच्या वांग्यांना पाणी घालत होते. आमचे हे चहा पिता पिता बघायचे आणि म्हणायचे, "सासरे असते तर म्हणाले असते, एवढंच करायचं होतं तर बाग काय वाईट होती?"

या शेतीला नेट लागायचं. टॅबमधलं नेट महिन्याच्या मध्यावरच संपायचं आणि पुन्हा भरून द्या म्हटलं की ह्यांचं वर्तमानपत्र तोंडासमोर यायचं. अशाच एका सकाळी मी गच्चीवर कुरडयांची राखण करत बसले होते. माझा मका काढायला आला होता आणि टॅब सांगत होता की नेट नाही. इकडे दाब, तिकडे दाब करताना एका यादीत नाव दिसलं, 'नाना होम'. बाकीच्या सगळ्या नावांपुढे कुलपाचं चित्र, याच्यापुढे नाही. मी बोट लावलं. लागलं. रेंजची एकच काडी, तीही येत-जात. पण माझा मका वाचला.

नाना म्हणजे आमच्या शेजारच्या सुलूताईंचे यजमान. आमच्या दोन घरांमध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढा बोळ. त्यांच्या मागच्या अंगणातला शेवगा आमच्या भिंतीवरून आत वाकलेला, आणि आमच्या बाजूला लोंबणाऱ्या शेंगा आमच्या, हे कुणी न ठरवता ठरलेलं. मी स्वतःशीच युक्तिवाद केला. शेंगा चालतात तर गच्चीवर येऊन पडलेली रेंज का नाही चालणार? विरजण जातं, कढीपत्ता जातो, पाहुणे आले की खुर्च्या जातात. उसनं घेण्यात कसली आली चोरी? फरक एवढाच होता की विरजण आपण भिंतीपाशी उभं राहून मागतो. तेवढा फरक त्या पोरीने डोळ्याआड केला. ती त्या बाबतीत फार हुशार होती.

एका काडीवर शेती होत नाही. मग मी रेंज वाढवायला घेतली. पूर्वी टीव्हीची अँटेना फिरवायला हे गच्चीवर चढायचे आणि मी खालून ओरडायची, आलं, गेलं, आता आलं, हलू नका. तेवढ्या अनुभवावर मी इंजिनिअर झाले. टॅब पाण्याच्या टाकीला टेकवला, काडी गेली. कठड्यावर ठेवला, परत आली. मग कुठेतरी ऐकलेलं आठवलं की पत्रा मागे धरला की लहरी उलटून येतात, म्हणून कणीक मळायची मोठी स्टीलची परात वर आणली, तिला वरवंट्याचा टेकू दिला, तोंड सुलूताईंच्या घराकडे केलं आणि टॅब तिच्या पोटाशी उभा केला. दोन काड्या. लोक म्हणतात चोरीला छाती लागते. मला परात पुरली.

परातीवरून ऊन उलटून माझ्याच तोंडावर यायचं. त्या उन्हाळ्यात माझा डावा गाल उजव्यापेक्षा काळा झाला होता, तेव्हाच्या एका लग्नातल्या फोटोतसुद्धा दिसतो. टॅब तापून बंद पडायचा म्हणून त्याच्यावर छत्री, छत्रीखाली मी, डोक्यावर ओला पंचा. गल्लीतल्या बायका खालून जाताना म्हणायच्या, कुंदाताईंसारखं वाळवण कुणी राखत नाही, हलत नाहीत हो जागच्या. माझ्या पाठीमागे चिमण्या खुशाल कुरडया टोचत असायच्या.

इथवरचं मी नातीला रंगवून सांगते. ती हसून लोळते, परात उभी करून दाखव म्हणते. पुढचं तिला मी सांगितलेलं नाही.

नाना एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारायचे. सिन्नर, संगमनेर, वणी, सप्तशृंगगड. लग्नानंतर माहेरी जाताना पहिल्यांदा मी तो आवाज ऐकला तेव्हा शेजारी राहणारा माणूस म्हणून ओळख नव्हती, पण गाडी लागली असं त्या आवाजाने म्हटलं की लागलीच असणार असं वाटायचं. त्या उन्हाळ्याच्या आदल्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण फार हळू झालं. एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढावा तसा यायचा आणि मधेच दोर थांबायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी मेधा, कॅनडात. झटका आल्याचं कळताच ती धावत आली, रजा होती तेवढी राहिली आणि गेली. जायच्या आधी तिने घरात वायफाय बसवून घेतलं. राउटरचा तो लुकलुकणारा डबा नानांच्या उशाशी स्टुलावर ठेवला, आईला टॅबवरचा फोन घ्यायला शिकवला. पासवर्ड घातला तर आई गोंधळेल म्हणून घातलाच नाही. आणि मग रोज आमच्या संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, कामावर निघण्याआधी ती नानांशी बोलायची. नानांचं एक वाक्य पुरं होईपर्यंत तिची वेणी व्हायची, पोळीभाजी भरून व्हायची. ती घाई करायची नाही. सुलूताई मला कौतुकाने सांगायच्या. एकदा हेही म्हणाल्या की मेधा निघाली त्या दिवशी नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. रडणारा पुरुष दुसरं काय करणार, असं आम्ही दोघी म्हणालो. मेधाला ते तसं कळलं होतं का, हे आमच्या मनात आलं नाही.

वैशाखात सुलूताईंकडे उडदाच्या पापडांचा घाट होता. आमच्याकडे पापड एकटीने लाटत नाहीत. ज्या घरी पापड, तिथे गल्लीतल्या बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जातात, आणि त्या दिवसापुरती त्या घराची प्रत्येक खोली सगळ्यांची होते. लाटलेला पापड जिथे जागा मिळेल तिथे पडतो, पलंगावर, सोफ्यावर, इस्त्रीच्या टेबलावर. मी हातभर पापड घेऊन नानांच्या खोलीत गेले. ते झोपले होते. त्यांच्या पायाशी पापड मांडता मांडता राउटर दिसला आणि माझ्या डोक्यात आपोआप नकाशा उघडला. डबा इथे, माझी गच्ची तिकडे, मधे दोन भिंती. तोच स्वयंपाकघराच्या खिडकीत गेला तर मधे नुसता बोळ.

बाहेर येऊन मी लाटणं हातात घेतलं आणि सुलूताईंना म्हणाले, "राग मानू नका हं, पण आजारी माणसाच्या उशाशी ते यंत्र असू नये म्हणतात. लहरी निघतात त्यातून. डोक्याला बऱ्या नसतात."

कोण म्हणतं, असं त्यांनी विचारलं नाही. मी म्हणत होते, तेवढं त्यांना पुरलं. हाताचं पीठ पुसत त्या उठल्याच. एवढे महिने मी तो तिथे कसा ठेवला, असं स्वतःलाच बोलत राहिल्या. वायर लांब होती. डबा त्यांनी उचलला, मी वायर धरली. पुढे कित्येक वर्षं मी मनाशी हेच म्हणत आले, की बाई गं, तू फक्त वायर धरलीस. खिडकीत बेसनाच्या डब्याशेजारी राउटर ठेवून, त्याच्यावर विणलेला रुमाल घालून, सुलूताईंनी माझ्या हातात पापडाच्या पिठाच्या दोन लाट्या जास्तीच्या ठेवल्या, तेलात बुडवलेल्या. मी त्या बसून खाल्ल्या.

रेंज घेतली याचं मला इतकं लागत नाही. घेतली ती काळजीचं सोंग करून, याचं लागतं. दुसऱ्याच्या घरचं काही हवं असेल तर आपल्या गल्लीत सगळ्यात सोपी वाट कुठली, हे त्या अठ्ठावन्नच्या पोरीला बरोबर ठाऊक होतं. आजाऱ्याची काळजी करायची. कुणी अडवत नाही.

माझ्या गच्चीवर चार काड्या आल्या. परात परत कणकेला लागली. छत्री मिटली. माझी वांगी अशी तरारली की खेळाने मला शेजारचा तुकडाही बक्षीस दिला, आणि मी त्यात सूर्यफुलं लावली. मला आठवतंय, सूर्यफुलं उमलली त्या सकाळी मी ह्यांना हाक मारून दाखवली होती.

थोड्या दिवसांनी सुलूताई शेवग्याच्या शेंगा काढत होत्या, मी अलीकडून ओंजळ धरली होती. म्हणाल्या, मेधाचं चित्र हल्ली अडकतं. तोंड उघडं राहतं आणि पुढे हलतच नाही. नाना दमतात, मान वळवतात. मग त्यांनी स्वतःच कारण शोधलं. तिकडे अजून बर्फ पडतोय म्हणे, त्यानेच अडकत असेल.

मी म्हणाले, "असेल."

मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. परात लावून दोन काड्या वाढवणाऱ्या बाईला दोन भिंतींमागे काड्या कमी झाल्या हे कळत नाही होय? कळत होतं. पण भोपळे तोडायला आले होते. एवढी तोड होऊ दे, मग काहीतरी करू, असं मी ठरवलं. भोपळ्यांमागून मका आला. त्या शेतीचं एक वैशिष्ट्य होतं, तिला कधी दुष्काळ पडत नसे, आणि त्यामुळे थांबायलाही कधी जागा मिळत नसे.

मग एका संध्याकाळी सुलूताईंना भाचीच्या हळदीला जायचं होतं. मला म्हणाल्या, तासभर नानांपाशी बसा, मेधाचा फोन आला तर घ्या. हल्ली रोज येत नाही म्हणा. मी जाऊन बसले. खोलीत औषधांचा आणि वाळल्या पापडांचा वास होता. फोन आला. मी टॅब नानांसमोर धरला. मेधा दिसली, ओल्या केसांची, मागे खिडकीत पांढरा उजेड. ती म्हणाली, "नाना, बरे आहात ना?" आणि तिथेच थिजली. नानांना ते कळलं नसावं. त्यांनी बोलायला सुरुवात केली. एक शब्द, थांबा, दुसरा शब्द. चित्र तसंच, ओठ विलग, एक डोळा अर्धा मिटलेला. फोन तुटला, पुन्हा लागला, पुन्हा तिचं 'नाना' एवढंच आलं. ते त्या थिजलेल्या तोंडाशी बोलत राहिले आणि माझा हात भरून आला तरी मला टॅब खाली ठेवता येईना. शेवटी त्यांची मान दुखली असावी. ते भिंतीकडे वळले. तिसऱ्यांदा फोन लागला तेव्हा ते वळलेच नाहीत. मी मेधाला काहीतरी सांगू पाहिलं, पण माझाही आवाज गेला नसणार.

त्या घरातल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, रुमालाखाली, राउटर हिरवा लुकलुकत होता. माझ्या गच्चीकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गेले. या वेळी सुलूताईंना वेगळी थाप मारली, की स्वयंपाकघरातल्या वाफेने ते यंत्र बिघडतं, आणि लहरींचं काही एवढं खरं नाही असं आता कळलंय. या वेळी डबा मी उचलला. त्यांनी वायर धरली. संध्याकाळी भिंतीपलीकडून त्या म्हणाल्या, चित्र कसं लख्ख झालं, तुम्ही आहात म्हणून कळतं हो आम्हाला. आणि त्या वर्षीच्या उडदाच्या पापडांतला मोठा गठ्ठा आमच्याकडे पाठवला. आमच्या ह्यांनी तो आवडीने खाल्ला. मी पापडाला नको म्हणायला लागले, ते तेव्हापासून. घरच्यांना वाटतं, पित्तामुळे.

राउटर जागेवर गेला, पण मेधाचा रोजचा फोन जागेवर आला नाही. तोवर तिने कामाची पाळी बदलून घेतली होती. आता रविवारी फोन यायचा, तोही आईला. शेवटी ती म्हणायची, नानांना दे. नाना म्हणायचे, बरा आहे. ती म्हणायची, काळजी घ्या. चित्र एकदाही अडकलं नाही. कुणी थिजलं नाही, काही तुटलं नाही, आणि दोघांकडे बोलायला काही उरलं नव्हतं. थंडीत नाना गेले. मेधा आली, दिवस करून गेली. त्या दिवसांत मी सुलूताईंच्या घरी पोळ्या लाटायला रोज जात होते, फक्त मेधा ज्या खोलीत असेल त्या खोलीत मला काम नसायचं.

माझी वांगी तर कधीच वाळली होती. गच्चीवर पुन्हा एकच मिणमिणती काडी यायची, तिला मी पुन्हा बोट लावलं नाही. टॅब पुढे नातवंडांनी फोडला. आता आमच्या घरात आमचं वायफाय आहे, सगळ्या खोल्यांत रेंज येते, मुलगा म्हणतो अगदी बाथरूममध्येसुद्धा. मी एवढ्या-तेवढ्यावरून हसवणारी म्हातारी म्हणून गल्लीत प्रसिद्ध आहे. परातीची गोष्ट मी भिशीत सांगितली आहे, बायका डोळे पुसेपर्यंत हसल्या आहेत. सुलूताईही हसल्या आहेत. म्हणाल्या, मेले, मागितली असतीस तर दिली नसती का. मी त्यांनाही परातीपाशीच थांबवलं. एखादी गोष्ट अर्धी सांगून लोकांना हसवलं की उरलेली अर्धी आणखी जड होते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

यंदा मेधा महिनाभर राहायला आली. कानांवरचे केस पांढरे झालेत, चालणं मात्र नानांचं, टाच आधी टेकणारं. सुलूताईंच्या गुडघ्यांना आता जिना चढवत नाही, म्हणून त्यांच्या आणि आमच्या कुरडया एकत्र आमच्याच गच्चीवर घालायचं ठरलं. सकाळी सूनबाईने चीक हाटून बादलीत भरून वर आणून दिला आणि ती ऑफिसला गेली. सोऱ्या मेधाने घेतला. मी प्लास्टिकवर तेलाचा हात फिरवत होते. तिच्या मनगटात जोर होता, कुरडई गोल पडत होती, आणि मी म्हटलं, कॅनडात सगळं विसरली असशील वाटलं होतं.

ती म्हणाली, वाळवण नाही विसरले, पण हे दिवस मला आवडत नाहीत. मग सोऱ्या फिरवत फिरवत, वर न बघता, सांगत गेली. त्या उन्हाळ्यात नाना तिच्याशी बोलायचे थांबले होते. ती फोन करायची आणि ते पाठ फिरवायचे. चित्र अडकायचं ते नेमकं तिथेच अडकायचं. बसमध्ये बसून कामावर जाताना आणि पुढे दिवसभर तिला तेच दिसायचं. आजारी बापाला टाकून गेली म्हणून रागावले असणार, असं तिने धरलं आणि मग रोजचा फोनच नको झाला. आईला तिने कधी विचारलं नाही.

"तिने हो म्हटलं असतं तर मी काय करणार होते, काकू?"

सोऱ्यातला चीक संपला होता. ती तो भरायला बादलीकडे वाकली. चीक गरम असतो तोवरच सोऱ्यातून उतरतो, गार झाला की अडून बसतो, त्यामुळे हे काम मधे थांबवायचं नसतं. माझ्या तोंडाशी दोन-तीन गोष्टी आल्या. नाना असे नव्हते गं. आजारपणात माणूस असाच होतो. बर्फ पडत असेल. सगळ्या चालल्या असत्या. ती विश्वास ठेवणाऱ्या बाईचीच मुलगी होती.

मी म्हणाले, "मेधा, ते खाली ठेव. नाना तुझ्यावर रागावले नव्हते. त्यांचा राउटर मी हलवायला लावला होता."

मग सगळं सांगितलं. लहरींचं खोटं, स्वयंपाकघराची खिडकी, 'असेल' म्हणाले ते. वांगी वगळता आली असती, पण मग कारणच राहत नव्हतं, म्हणून वांगीही सांगितली. माफी मागितली. ती ऐकली की नाही मला माहीत नाही.

"वांग्यांसाठी," ती म्हणाली. भाजीवालीने सांगितलेला भाव माणूस पुन्हा एकदा विचारून घेतो तशी.

मी हो म्हटलं. ती उठून कठड्यापाशी गेली. खाली तिच्या आईचं स्वयंपाकघर, ती खिडकी. तिचे दोन्ही हात चिकाने माखलेले होते आणि ते कुठे पुसावेत हे तिला सुचत नव्हतं. तिने माझ्यावर ओरडावं, असं मला मनापासून वाटत होतं. तिने तेवढंही मला दिलं नाही. खिडकीकडे बघतच विचारलं, मग पाठ का फिरवायचे?

मी सांगितलं की मान दुखायची. आणि तुझं थिजलेलं तोंड त्यांना बघवत नसणार. पण त्याआधी ते बोलायचे. चित्र थांबल्यावरही बोलत राहायचे.

"तुम्हाला काय माहीत?"

"एका संध्याकाळी तुझी आई हळदीला गेली होती. टॅब मी धरला होता."

आता ती वळली. "काय बोलले?"

इतक्या वर्षांत ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं ते काही नव्हतंच. "तुझी आई मला मीठ देत नाही, म्हणाले. डॉक्टरांनी बंद केलं होतं ना. तू सांग तिला, तुझंच ऐकते, म्हणाले. दोन्ही वेळा तेच."

मेधाच्या तोंडून एक आवाज निघाला. हसणं म्हणावं तर ते नव्हतं. ती खाली बसली, ओल्या कुरडयांच्या अगदी काठाला, आणि म्हणाली, "परत सांगा."

मी परत सांगितलं.

"असं नाही. ते बोलायचे तसं."

नक्कल करण्यात माझा हात कुणी धरत नाही. सासूची केली आहे, ह्यांची करते, भिशीतल्या सगळ्यांची करते. हे मात्र मला जमेना. मग मी पदराने हात पुसले आणि सुरुवात केली.

"मेधे," मी म्हणाले आणि थांबले, ते थांबायचे तेवढी. "तुझी." पुन्हा थांबले. "आई." बादलीतल्या चिकावर साय धरत होती. मेधाने गुडघ्यांवर हनुवटी टेकवली होती आणि पुढचा शब्द यायची ती वाट बघत होती.